गट नंबर सदतीस

आमच्या सांगलीच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. भिंतीवरच्या देवाच्या फोटोला नव्हता एवढा मान त्या मशीनला होता. खोलीला एसी, मशीनला कव्हर आणि दारावर पाटी. सव्वीस वर्षं नोकरी झालेला मी, दादासो, सांख्यिकी सहायक, भोकं पडलेले मोजे घालून त्या गारठ्यात बसायचो आणि आकडे भरायचो. सकाळी मिरजेहून एसटीनं यायचं, आकडे भरायचे, संध्याकाळी परत जायचं. पाठ धरायची, डोळ्यांची आग व्हायची. बायको विचारायची, "अहो, एवढे आकडे भरता, ते वाचतं कोण?" मी म्हणायचो, "तू जेवायला वाढ."

शहाण्णव सालातली गोष्ट. सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांतली छत्तीस गावं आमच्याकडं आली होती. प्रत्येक गावात लहान पोरांना लस टोचणारी एक आरोग्यसेविका. अठ्ठ्याऐंशी ते पंच्याण्णव, आठ वर्षांची रजिस्टरं. छत्तीस आठे दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळी. दर ओळीत त्या साली गावात पोरं किती आणि त्यांतल्या किती जणांचे सगळे डोस पुरे झाले. ब्याण्णव साली सेविकांना नवीन योजनेत बर्फाचे चांगले डबे आणि प्रवासभत्ता मिळाला होता. त्याचा उपयोग कुणी केला आणि कुणी केला नाही, एवढं वरच्या कमिटीला हवं होतं. यादीत जी तळाला, तिची पंचावन्नाव्या वर्षीची छाननी कडक होणार. म्हणजे सरळ सांगायचं तर 'अकार्यक्षम' असा शेरा मारून तिला तीन वर्षं आधी घरी पाठवणार.

आधीच्या याद्या मी पाहिल्या होत्या. नुसती टक्केवारी काढायची आणि वरून खाली लावायची. कृष्णाकाठची गावं वर, वडूज-विट्याकडची माळावरची गावं खाली. दरवर्षी तेच. नदीकाठी डांबरी रस्ता, एसटी दारात, बाई सकाळी जाते आणि दुपारी घरी येते. माळावर चार मैल चालायचं तेव्हा कुठं एक वस्ती. यांची शर्यत लावायची आणि वर म्हणायचं, माळावरची बाई आळशी! मी एकदा आधीच्या साहेबांना बोललोही होतो. ते म्हणाले, "दादासो, तुम्ही बेरजा करा."

मग राजवर्धन साहेब आले. वय एकोणतीस, दिल्लीला शिकलेले, अंगावर अजून इस्त्री टिकून असलेले. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि कागदावर दोन रेघा मारल्या.

"दादासो, प्रत्येक गावाचा एक स्वभाव असतो. रस्ता, पाणी, अंतर, लोकांची रीत. तो काही वर्षागणिक बदलत नाही. म्हणून प्रत्येक गावाची आठ वर्षांची सरासरी काढायची आणि त्या गावाच्या आकड्यातून वजा करायची. गाव फक्त स्वतःशी तोलायचं."

"आणि साल?" मी म्हणालो. "त्र्याण्णवला लसच अर्धी आली होती. बहुतेकांचे आकडे पडले."

"तेही वजा. त्या सालात सगळ्या गावांचं मिळून जे झालं, ते कुणा एकीच्या माथी नको. गावाचा स्वभाव गेला, सालाची दशा गेली. उरेल तो माणसाच्या कामाचा फरक. तो वर्षागणिक चढतो की उतरतो, ते बघायचं."

खरं सांगतो, मला भरून आलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी न्यायाचं गणित मांडत होतं. त्या दिवशी मी दोन चहा जास्त प्यायलो आणि मोजेही नवीन घेतले.

महिनाभर मी ओळी भरल्या. रजिस्टर खरं की खोटं हे मला शाईवरून कळतं. एका बैठकीत, एका पेनानं, सगळी पानं सुवाच्य अक्षरात भरलेली असली की समजायचं, बाईंनी मार्चअखेरीला घरी बसून लिहिलंय. छत्तीसातली निम्मी तशी होती. पण खटाव तालुक्यातलं एक गाव, लांडगेमाळ. तिथल्या रजिस्टरला पावसाचे डाग, चुलीचा धूर, चार रंगांच्या शाया. आणि शेरे तर काय एकेक! 'ताप होता, दिला नाही.' 'आई न्हाई म्हणाली.' 'आई व्हय म्हणाली, बा न्हाई म्हणाला.' खाली सही, येसूबाई. ब्याण्णवपासून त्याच रजिस्टरात पोरांची संख्या चाळीसावरून बासष्टावर गेलेली. जादा बावीस पोरांपुढं लिहिलेलं, 'बिराप्पाचा वाडा'. मी म्हटलं, गावात कुणा बड्या असामीचा वाडा असेल, त्याच्या आजूबाजूला नवी वस्ती झाली असेल. वाडा म्हणजे घर, घर कुठं जातंय? लांडगेमाळच्या ओळीत घातली बावीस पोरं आणि पुढं गेलो. त्याच आठवड्यात नदीकाठच्या एका गावाचं एकशे चार टक्के आलं होतं. शंभरातल्या एकशे चार पोरांना लस कशी टोचतील? मी ते शंभर केलं. कंटाळा आला होता हो, दुसरं काय.

यादी निघाली. प्रिंटर अर्धा तास करवादत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माळावरची बरीच गावं वर आली, हे खरं. पण तळाला, छत्तिसाव्या नंबरवर, लांडगेमाळ. येसूबाई.

गाव स्वतःशी तोललेलं. चाळीसातली एकतीस म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के, अशी पहिली चार वर्षं. ब्याण्णवला धाडकन त्रेपन्न, नंतर कसंबसं चढत अडुसष्ट. जुन्या यादीत तिच्या बाजूनं बोलायला जागा होती, माळ आहे, रस्ता नाही. आता तीही जागा राहिली नाही, कारण माळ आपण आधीच वजा केला होता. छत्तीस गावांत सगळ्यात खरं रजिस्टर जिचं, तीच तळाला, हे माझ्या घशाखाली उतरेना.

"तळाच्या गावाची एकदा तपासणी करावी लागते," राजवर्धन साहेब म्हणाले. "जाऊन या."

सांगली, विटा, वडूज, आणि पुढं दीड तास पायी. माझ्या गुडघ्यांची अवस्था काय सांगू. लांडगेमाळात दुपारी बारा वाजता पोचलो तर उपकेंद्राच्या दारात एक काटकुळी बाई बर्फाच्या डब्याचा पट्टा खांद्याला लावून निघायच्या तयारीत. केस पांढरे, पायांत पुरुषी वहाणा.

"जय भीम," ती म्हणाली. "सांगलीचं सायेब ना? या. पानी प्या आन चला, माजी एसटी चुकंल."

"बाई, मी तपासणीला आलोय. मला बिराप्पाचा वाडा दाखवा."

"आज?" तिनं बोटं मोजली. "आज कराडच्या खाली असंल. परवा उटंल तितनं."

"कोण उठेल?"

"वाडा."

"वाडा कसा उठेल?"

ती हसायला लागली, डबा खाली ठेवून हसली. "आवं सायेब, धनगराचा वाडा! मेंढरं, घोडी, बाया-पोरं, कोंबड्या, समदं मिळून वाडा. दिवाळी झाली की चराय निगतोय, पावसाला माघारी येतोय. तुमाला काय वाटलं, माडीचा वाडा हाय?"

मला काय वाटलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. डोक्यात मात्र घण पडला. आमचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं, गाव जागचं हलत नाही. आणि मी त्यात चालतं गाव कोंबलं होतं.

आम्ही माळ उतरून एसटीनं कराडकडं निघालो. वाटेत तिनं सगळं सांगितलं. धनगरांची ही बावीस पोरं आधी कुणाच्याच रजिस्टरात नव्हती. गावात मोजायला जावं तर वाडा नदीला, नदीकाठच्या बाई म्हणणार, ही आमच्या गावची नव्हेत. ब्याण्णवला नवा डबा मिळाला, त्यात दोन दिवस बर्फ टिकतो. तेव्हा तिनं ठरवलं, आता चालत जाता येतं तर नावं लिहायचीच.

"पयल्या साली बावीसातली दोन गावली," ती म्हणाली. "मग चार. मग सात. गेल्या साली अकरा झाली."

"आणि बाकीची?"

"कुनी वाटंत दुसऱ्या बाईकडनं टोचून घेत्यात. पन कार्ड भिजतंय, मेंढरू खातंय. म्या सोता टोचलं तेच लिवते. दुसऱ्याचं कशाला लिवू?"

म्हणजे तिकडच्या बायांनी वाड्याच्या पोरांचे डोस मांडले, पोरं मांडली नाहीत. माझे एकशे चार टक्के कुठून आले, ते कराडच्या स्टँडवर मला कळलं. मी कपाळावर हात मारला. शेजारचा पॅसेंजर म्हणाला, "काय हो, पाकीट गेलं काय?"

नदीकाठच्या एका मळ्यात मेंढरं खताला बसवली होती. बिराप्पाची बायको हरणाबाई, चार काठ्यांवर टाकलेल्या कांबळ्याखाली भाकरी थापत होती. येसूबाईला बघून उठली, हात पुसले आणि सगळ्यात धाकटं लेकरू आणून तिच्या मांडीवर दिलं. लेकरानं भोकाड पसरलं.

"पयल्या साली हिच्या सासूनं मला पान्याचा तांब्या लांबनं सारला व्हता," येसूबाई सुई भरता भरता म्हणाली. "आता बगा, लेकरूच मांडीवर टाकती."

"मेली की ती सासू," हरणाबाई म्हणाली. "आक्का, दुसऱ्यालाबी टोच. परवा आमी हितनं उटनार."

येसूबाईनं दुसऱ्यालाही टोचलं आणि तिथंच मांडीवर रजिस्टर ठेवून लिहिलं. मी मेंढरांच्या वासात उभा राहून ते अक्षर बघत होतो. तेच, शाई पसरलेलं.

सांगलीला परतल्यावर मी राजवर्धन साहेबांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. वाडा म्हणजे घर समजलो." सगळं सांगितलं, एकशे चार टक्केसुद्धा. वाटलं, आता हे कडाडणार. पण ते खुर्चीत सावरून बसले.

"मग तो वेगळा गट करा, दादासो! त्याचा स्वभाव वेगळा, त्याची सरासरी वेगळी. लांडगेमाळ लांडगेमाळशी तोला, वाडा वाड्याशी."

गट नंबर सदतीस. मी स्वतः ओळी वेगळ्या केल्या. ब्याण्णव ते पंच्याण्णव, चारच ओळी. प्रिंटर पुन्हा करवादला. लांडगेमाळ मधे कुठंतरी सतराव्या नंबरला जाऊन बसलं, जसं होतं तसं, चाळीसातली एकतीस. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरला, दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यात जास्त सुधारणा, गट नंबर सदतीस. बावीसातल्या दोनावरून अकरावर. येसूबाई.

मी त्या खोलीत मोठ्यानं "च्यायला!" म्हणालो. साहेब हसले. सव्वीस वर्षांत मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला तो त्या दिवशी, साधारण चार तास.

दुसऱ्या दिवशी कमिटीकडून कागद परत आले. गट सदतीससमोर लाल शाईत तीन प्रश्न. गावाचं नाव? ग्रामपंचायत? तालुका? साहेब स्वतः जाऊन भांडून आले. परत आले तेव्हा इस्त्री मोडली होती.

"ते म्हणतात, गट म्हणजे जागा. जागा नाही तर गट नाही. दोनच वाटा आहेत. वाडा लांडगेमाळात घाला, मग बाई तळाला. नाहीतर वाडा गाळा, मग बाई मधल्या नंबरला, सुरक्षित. फक्त बाईंचं लेखी पाहिजे, की ही पोरं माझ्या क्षेत्रातली नाहीत, नजरचुकीनं लिहिली."

"मग लिहून घेऊ," मी म्हणालो. "त्यात काय!"

येसूबाईला सांगलीला बोलावलं. ती कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर वहाणा काढून आत आली आणि अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसली. मी टाइप केलेलं पत्र तिच्यापुढं ठेवलं, पेन टोपण काढून ठेवलं. तिनं दोनदा वाचलं.

"हे सही केलं की काय हुईल?"

"तुमची नोकरी राहील. अठ्ठावन्नपर्यंत."

"आन पोरांचं डोस? डोस तर यादीपरमानं येत्यात."

साहेब खिडकीकडं बघायला लागले. उत्तर मलाच द्यावं लागलं. "यादीत नसली तर त्यांचे येणार नाहीत."

"मग चार वर्सं म्या काय केलं?"

मला राग आला. तिचा आला, खोटं कशाला बोलू. एवढं रान उठवलं, गुडघे मोडून माळ चढलो, गणित दोनदा फिरवलं आणि ही बाई तत्त्व घेऊन बसली! मी म्हणालो, "बाई, सही करा आणि सुटा. ती पोरं आधी कुणाची नव्हती, पुढंही नसतील. तुम्ही एकटी कुठवर वाहणार? मला बघा, सव्वीस वर्षं सांगतील तिथं सही करतोय. काय बिघडलं माझं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आजारी पोराकडं बघावं तसं.

"सायेब, लय दमलाय तुमी," ती म्हणाली. पेनाला टोपण लावून तिनं ते माझ्या हातात दिलं. "म्या नजरचुकीनं न्हाई लिवली. चांगली बगून लिवली. तुमाला जितं घालायचं तितं घाला, पन खोडू नगा."

वाडा लांडगेमाळात गेला. ते बटण मीच दाबलं. सत्याण्णवच्या मार्चमध्ये, पंचावन्न भरताच, येसूबाईला घरी पाठवलं. शेरा तोच, 'अकार्यक्षम'. राजवर्धन साहेबांनी पानभर विरोध लिहून पाठवला, तो कुणी वाचला नाही. उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. जाताना म्हणाले, "दादासो, गणित बरोबर होतं." मी म्हणालो, "होय साहेब, गणित बरोबरच होतं."

लांडगेमाळला नवी बाई आली. चांगली पोरगी, तिला काही बोलायचं नाही. तिला दिलेल्या यादीत चाळीसच पोरं होती. वाड्याची नावं नव्या रजिस्टरात उतरलीच नाहीत. कुणी खोडली नाहीत, नुसती उतरली नाहीत. वर्ष संपलं तसा आकडा आला. चाळीसातली एकतीस, अठ्ठ्याहत्तर टक्के. येसूबाईच्या यादीतल्या शेवटच्या सालाचे अडुसष्ट होते. दहा टक्के सुधारणा, म्हणून नव्या बाईंना प्रशस्तिपत्र. एक पोरगं जास्त टोचलं नव्हतं. ती ओळ मीच भरली, त्याच खोलीत, नुसते मोजे घालून बसून. त्या दिवशी मी डबा उघडला नाही, तसाच घरी आणला. बायकोनं कारण विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत रजेच्या दिवशी मिरजेत औषध आणायला निघालो होतो. दवाखान्याच्या ओळीत एका फाटकाबाहेर, चहाच्या गाड्याजवळ हरणाबाई भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर दोनेक वर्षांचं लेकरू, अंगावर गोवराचे काळे पडलेले डाग, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. आणि दोन कप चहा घेऊन येणारी बाई, पायांत पुरुषी वहाणा.

"जय भीम, सायेब," येसूबाई म्हणाली. हातातला एक कप तिनं मलाच दिला, नको म्हणेस्तोवर माझ्या हातात होता. "गवर छातीत उतरला. धा दिस झालं हितं हाय. आता बरं हाय म्हनत्यात. दोन पोरं वाटंतच गेली."

मी विचारलं, "तुम्ही कशा इथं?"

"ह्यांना मिरज कुटं म्हाईत हाय? मीच आनलं." तिनं काखेतल्या पिशवीतून शाळेच्या पोरांची असते तसली वही काढली, पुन्हा आत ठेवली. "नावं लिवते अजून. डोस न्हाईत, पन नावं लिवते. आवं सायेब, औंदा लांडगेमाळचं किती आलं?"

"अठ्ठ्याहत्तर."

तिला क्षणही लागला नाही. "म्हंजी चाळिसातली एकतीस. तितकीच की. बरं हाय, पोरीनं सांबाळलं." खरंच बरं वाटलं तिला, तोंडावर दिसत होतं. मग तिनं हरणाबाईच्या मांडीवरच्या लेकराचं टोपडं सारखं केलं आणि विचारलं, "आन वाड्याचं?"

मी कप गाड्याच्या फळीवर ठेवला.

"वाड्याचं... आलं नाही, बाई."

"आलं न्हाई म्हंजी?" ती म्हणाली. "पोरं तर हायत की."

लेकरू खोकलं. हरणाबाईनं त्याला उभं धरून पाठ चोळली, आणि येसूबाई माझ्या उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली.